पाचापाशी माघारी

नाजियाचा संशय डिंकासारखा, चिकटला की सुटत नसे. अमरावतीच्या क्लासमध्ये गणिताचे पेपर तपासताना तो अंकुर आणि रागिणीला चिकटला.

प्रश्नात बहुपदीची मुळं दिली होती: उणे तीन एकदा, पाच दोनदा. त्यावरून आलेख ओळखून काढायचा. मूळ एकदाच असलं तर रेघ आडव्या अक्षातून आरपार जाते. दोनदा असलं तर अक्षाला नुसती शिवून माघारी फिरते. सगळ्या वर्गाने ती पाचाला शिवून परत वर नेली. या दोघांनी मात्र पाचातून आरपार खाली सोडली. बाक एक, चूकही एक. नक्कल नाही तर काय?

कापूस बुडाल्याच्या त्या साली क्लासचे मालक जानराव यांनी खेड्यातल्या या दोन पोरांची फी माफ केली होती. नक्कल सापडली की माफी रद्द, आणि मग पोरं गावी परत.

नाजियाने दोघांना वेगवेगळं गाठून खोदून विचारलं. दोघांचं उत्तर एकच: अकोल्याच्या शफी सरांनी उन्हाळ्यात असंच शिकवलं. तिचं डोकंच फिरलं. शफी सर म्हणजे तिचे अब्बा. कार्ट्यांना हे कुठून तरी कळलं असणार, म्हणून म्हाताऱ्याच्या आड लपताहेत.

"मॅडम, मी कावून खोटं बोलू?" रागिणी म्हणाली. "सरायलेच विचारा ना तुमी."

विचारतेच, म्हणत नाजियाने रविवारी अकोल्याची एसटी धरली. चहा झाल्यावर तिने सहज म्हणून तीच मुळं सांगितली. अब्बांनी खडूने ओट्याच्या काळ्या फरशीवर अक्ष ओढले. हात अजून तसाच सफाईचा. रेघ उणे तीनातून वर चढली, वळली, पाचापाशी उतरली आणि आरपार खाली गेली.

"अब्बा, पाच दोनदा आहे," ती हळूच म्हणाली.

"असेना का. मूळ आलं की पार जाणारच." मग त्यांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. "बेटा, तुला गणित शिकवलं कोणी?"

पाचाला शिवून माघारी फिरणारी रेघ नाजियाला याच फरशीवर त्यांनीच शिकवली होती. तिने तिथूनच जानरावांना फोन लावला, पोरं निर्दोष आहेत म्हणाली. कशावरून, त्यांनी विचारलं. अब्बा समोरच बसले होते, सगळं ऐकत.

"ती चूक आमच्या घरची आहे," ती म्हणाली.

अब्बा पुढच्या गणितासाठी फरशी पुसू लागले.