पाठमोरे पट्टे

मासिकाने झगा उलटा केला आणि तिचा हात थांबला. पुढून तो नुसता कोकोच्या रंगाचा होता. झालर नाही, फुगीर बाह्या नाहीत. पाठीवर मात्र खांद्यापासून खालपर्यंत पांढरे आडवे पट्टे शिवलेले.

"आई, हे घालून किसांगानीला शिकायला जाऊ? नर्सिंगच्या पोरी हसतील मला."

"हसू देत. हसण्याने कापड फाटत नाही," कातुंगू म्हणाली. शिवणयंत्रावरून तिने मान वर केली नाही.

शेजारचा पालुकू मासिकाला न्यायला भाड्याची मोटारसायकल घेऊन आला होता. दारातूनच तो म्हणाला, "पुढून नन, मागून झेब्रा. एका भाड्यात दोघी."

"झेब्रा तुझ्या घरी. हा ओकापी आहे."

लग्नाआधी कातुंगू रानातल्या तळावर पाळलेल्या ओकापींसाठी, जिराफाच्या जातीतल्या त्या लाजऱ्या जनावरांसाठी, पाला तोडायची. शिवण धरल्यावरही गिऱ्हाइकांना ती रानातलेच दाखले देई. एखादी जाडजूड बाई अंग झाकणारं ढगळ काहीतरी मागू लागली, की विचारायची, "हत्तीण कधी अंग चोरून चालते का?" बाई हसायची आणि मापाचा झगा शिवून न्यायची.

"ओकापीण पुढून बघितलीस, तर काही नखरा नाही," ती आता म्हणाली. "पट्टे सगळे मागे."

"मागचे तिला स्वतःला थोडेच दिसतात?"

"तिला कशाला दिसायला हवेत? गर्द रानात तिच्या मागून पिल्लू येत असतं."

"माझ्या मागून कोण येणार आहे?"

कातुंगूने दोऱ्याचं टोक ओलं करून सुईला लावलं. दोरा सुईच्या शेजारून गेला. तिने पुन्हा लावला. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या डोळ्यांवर साय धरली होती. माणसं ती आवाजावरून ओळखायची. अंगणातली पांढरी कोंबडी तेवढी तिला लांबून कळायची.

मासिकाने तिच्या हातातून सुई घेतली आणि ओवून दिली. मग शिवणाचा डबा पुढे ओढून उरलेल्या सगळ्या सुयाही ओवल्या, आणि एकेक करून डब्यातल्या छोट्या उशीला टोचून ठेवल्या.

"निघायचं ना? पुढे रस्ता खराब आहे," पालुकू म्हणाला.

मासिका आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर तो झगा होता. कातुंगूने तिच्या पाठीवरून हात फिरवला, शिवणीवर अंगठा दाबून पाहिला आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

मासिका मोटारसायकलवर बसली. पाठीवरची पिशवी तिने काढली आणि पोटाशी धरली.

"अगं, पिशवी पाठीला लावतात," पालुकू कुरकुरला. "ती पुढे घेतलीस तर मी काय टाकीवर बसू?"

"बस जरा पुढे सरकून," ती म्हणाली. "वळणापर्यंतच."