पालथी बादली

"शिडी आधी खाली. मग बाकीचं बोलू," तपासनीस फाटकातूनच म्हणाला.

"अहो, आत तर या!" घरमालक म्हणाले.

"शिडी, काका."

परवाने देणाऱ्या कचेरीतर्फे तो घरगुती पोहण्याचे हौद तपासत असे. जमीन न खणता अंगणात नुसते उभे केलेले, पत्र्याच्या भिंतींचे. अशा हौदाला वेगळं कुंपण लागत नाही, भिंत हेच कुंपण. मात्र शिडी काढून उंचावर टांगलेली हवी आणि भिंतीलगत पाय ठेवायला काही म्हणजे काही नको. हे तो झोपेतही म्हणून दाखवी. उंची बेताची, ताठा दुप्पट. कचेरीत त्याला शिडीमास्तर म्हणत, तेही तोंडावर.

मालकांच्या सुनेने शिडी उचलून भिंतीवरच्या आकड्याला टांगली.

"तो पंपाचा खोका लांब सरकवा. पोरं चढतात."

"पोरं कुठली? एकच तर आहे, मुठीएवढी!"

मुठीएवढी नात आईमागून डोकावत होती. "आबांच्या खांद्यावर चढायचं, खोक्यावर नाही. काय?" तपासनीस तिला म्हणाला. तिने मान हलवली.

खोका सरकला. राहिली हौदातली, पाणी ओढून घेणारी जाळी. ती हाताने हलवून बघितल्याशिवाय तो सही करत नसे आणि हात तर पोचेना.

"शिडी देऊ का काढून?" सुनेने विचारलं.

"नको ताई. टांगलेली शिडी माझी सही होईपर्यंत खाली येत नाही."

त्याने नळाखालची बादली आणली, हौदाच्या मागच्या अंगाला पालथी घातली, वर चढून भिंतीवर पोटावर ओणवा झाला आणि जाळी हिसडून पाहिली. पाय हवेत.

"नियम उंच नि साहेब ठेंगणे!" सासरे म्हणाले. नात टाळ्या पिटत खिदळली. हसण्याच्या बाबतीत तपासनीस मोठा काटकसरी, पण त्या दिवशी त्यालाही हसू आलं. हसतच तो उतरला, हात पुसले, सही केली आणि गेला.

संध्याकाळी कचेरीतल्या साहेबांनी त्याला टेबलाशी बोलावलं.

"मास्तर, दुपारी परवाना दिलात ना, त्या घरची मुलगी गेली. बुडून. शिडी लावलेलीच राहिली म्हणतात. जाऊन बघून या, तसं लिहा. आपली बाजू पक्की आहे."

अंगणात शेजारीपाजारी हलक्या आवाजात बोलत होते. शिडी खरंच हौदाला लावलेली होती. सून नळाच्या ओट्यावर बसली होती. कपडे अंगावरच वाळत आलेले.

"विचारा हिला!" सासरे म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "तुम्ही गेल्यावर पोरीला घेऊन पाण्यात उतरली. वर येऊन शिडी टांगायला नको?"

"टांगली होती," सून म्हणाली. "पोर दिसेना म्हणून बाहेर आले, पाण्यात दिसली, तेव्हा शिडी मीच ओढून लावली, उतरायला." मग थांबली. "टांगली होती वाटतं. आता नाही सांगता येत मला."

"बघा! वाटतं म्हणे!"

तपासनीस हौदाला वळसा घालून मागे गेला. बादली त्याने ठेवली तिथेच होती, पालथी. बुडावर त्याच्या बुटाचा चिखल वाळला होता आणि त्या चिखलावर इवल्या पायाची पाच बोटं उमटली होती.

तो बराच वेळ आला नाही, तेव्हा सासरे ओरडले, "काय बघताय मागे?"

पाय पुढे सरकवला असता तर दोन्ही खुणा पुसल्या गेल्या असत्या. तिकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

"काका, इकडे या. ताई, तुम्हीही."

दोघं आली.

"ही बादली मी ठेवली. उचलायची विसरलो. मुलगी हिच्यावरून चढली. शिडीवरून नाही."

सासऱ्यांचा हात वर गेला. तपासनीस मागे सरला नाही. पण हात वाटेतच भिंतीवर टेकला आणि म्हातारा तिथेच खाली बसला.

सून बादलीकडे बघत होती.

"म्हणजे शिडी मी टांगली होती?"

"हो ताई. टांगली होती."

"आबा, मी टांगली होती," ती म्हणाली. आबांनी मान वर केली नाही.

तिने वाकून बादली उचलली. बुडाला हात लागू न देता, कडेने. नळाखाली नेली, जिथे ती रोज असे. तिथे ती सरळ ठेवायची असते. तिने तशीच पालथी ठेवली आणि नळ घट्ट आहे ना, बुडावर थेंब पडत नाही ना, ते पुन्हा पुन्हा बघत राहिली.