रताळ्याच्या भज्यांची बातमी

जपानमधल्या कोची शहराच्या बाजारातल्या त्या खाण्याच्या हॉलमध्ये शुक्रवारी संध्याकाळी बसायला जागा मिळायची म्हणजे नशीबच लागतं. तिघी शाळासोबतिणींपैकी किनुएनं पर्स, छत्री आणि स्वतःचा ऐसपैस देह पसरून लांब टेबलाचा एक कोपरा अडवला होता. शेजारी चिझुरु. आणि जन्मभर दातांच्या दवाखान्यात लोकांना नंबर देत बसलेली सावाको आज पोटात बातमी घेऊन आली होती. सांगायला तोंड उघडलं की हसूच फुटायचं. शेवटी मासे आणते म्हणून ती उठली.

पेंढ्याच्या जाळावर शेकलेल्या कुपा माशाच्या तुकड्या, त्यावर लसणाचे काप आणि बिअरचे तीन ग्लास असा भरलेला ट्रे सांभाळत ती गर्दीतून परतली. नजर फेसावर. बाकावर टेकली आणि मान वर न करताच घडाघडा बोलून मोकळी झाली.

"मध्ये बोलू नका, मला परत हसू येईल. मी दवाखाना सोडलाय. इथलाच कोपऱ्यातला गाळा घेतलाय. रताळ्याची भजी तळणार आहे. वेड लागलंय असं वाटत असेल तर सांगून टाका."

मग तिनं वर पाहिलं. टेबल चुकलं होतं. समोर मैत्रिणींऐवजी उन्हानं रापलेले चार खलाशी घास तोंडात तसाच धरून बसले होते.

त्यांच्यातल्या तामेकिची नावाच्या म्हाताऱ्यानं जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "वेडाचं काय ते भजी खाल्ल्यावर ठरवू. पण ताई, आम्ही तुमचे कोण?"

सावाको हसता हसता बाकावरून घसरली. खलाशांनी तिच्या नावानं पेले उंचावले. शेजारच्या टेबलांनीही उंचावले. पेला उचलायला कोचीत कारण विचारत नाहीत. पलीकडे, अडवलेल्या कोपऱ्यात बसलेल्या चिझुरुनं मात्र विचारलं. कुणी बाई नोकरी सोडून भज्यांचा गाळा टाकतेय असं कळल्यावर तिनं त्या अनोळखी बाईच्या हिमतीला सलाम ठोकून अख्खा पेला रिकामा केला. मग ती बाई कोण ते बघायला चिझुरु बाकावर चढली, तर ती सावाकोच निघाली.

"म्हणजे मी तुझ्यासाठी प्यायले?" ती तरातरा येऊन म्हणाली. "तुझा पहिला दात पडला तेव्हासुद्धा मला आधी कळलं होतं. आणि आता या लोकांना आधी?"

खलाशी निमूटपणे सरकले. किनुए पर्स-छत्रीसकट येऊन मधोमध बसली आणि तिनं एवढंच विचारलं, "पिठात मीठ कोण घालणार? तुझ्या हातचं सगळं अळणी असतं."

मीठ किनुएनंच घालायचं, असं त्या क्षणी ठरलं. तोवर कुप्याची बशी खलाशांनी चाटूनपुसून संपवली होती. दुसरी आणायला तिघी एकमेकींच्या बाह्या धरून, खिदळत निघाल्या.