एका दमात उतरलेला आवाज

या मंडळी, असे जवळ सरकून बसा. एका आवाजाची गोष्ट आहे, हळूच सांगावी लागेल.

अफजलनं कीर्तनकार कुंडलिकबुवांच्या मोबाइलवर बोट टेकवलं आणि श्वास रोखला. इंदापूर तालुक्याच्या टोकाला असलेल्या या गावात नेट रांगतं. मोठं सॉफ्टवेअर निम्म्यावर येऊन तुटतं. म्हणून अफजल बारामतीच्या दुकानातून ते दाबून, लहान करून पाठवी. पोरांचे गेम, दुकानदारांची बिलं करायची सॉफ्टवेअरं, सगळं त्याच्याकडून बारीक होऊन येई.

या वेळी आला होता बुवांचा आवाज. घशाच्या ऑपरेशनात तो जाणार होता, म्हणून आधीच अफजलच्या दुकानात बसून त्यांनी तो रेकॉर्ड करून ठेवला होता. आता टाइप केलं की मोबाइलनं त्यांच्या आवाजात बोलायचं होतं. दुसरीकडे तो कुठंच नव्हता. कीर्तनात कुणी रेकॉर्डिंगला मोबाइल वर धरला की बुवा म्हणत, "डब्यात भरून न्यायला देव काय पेढा हाय?"

"उतरलं का रं?" बुवांच्या पत्नी मुक्ताबाईंनी विचारलं.

"उतरलं, काकी. एका दमात."

"आमच्या हितं एका दमात? उपाशी ठिवलंस का काय त्याला!"

बुवा हसले. नुसते खांदे हलले. मग त्यांनी टाइप केलं.

"मुक्ता, ऐकतेस ना?" मोबाइल बोलला. कुण्या शहरी बाईचा गुळगुळीत आवाज.

मुक्ताबाईंनी दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून.

अफजलनं वाकून मोबाइलमध्ये पाहिलं; बुवांचा आवाज त्यात आलाच नव्हता. लहान करताना सगळ्यांत जड ते आधी निघे, आणि सगळ्यांत जड असतात आवाज. गेममधली गाणी, परक्या भाषांतलं बोलणं. कुणी कधी विचारलं नव्हतं. हे काम त्यानं कॉम्प्युटरला लावून दिलेलं. पाठवून झालं की जागेसाठी मूळ फाइलही कॉम्प्युटरच पुसे. बुवांचं फोल्डर अफजलनं त्याच रांगेत टाकलं होतं.

"दुकानात आसंल की अजून," मुक्ताबाई म्हणाल्या.

"न्हाय, काकी. म्या..."

बुवांनी बोट काचेवर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"अफजल, चहा घेऊन जा," मोबाइलमधली ती बाई म्हणाली.

मुक्ताबाई आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज काही आला नाही.

कुठं टाळ वाजले, तर कुंडलिकबुवांना आठवा, मंडळी. ज्यांनी त्यांना ऐकलंय, त्यांनी जरा मोठ्यानं आठवा.