दोन सुयांची शिवण

आपला दीर सईद याच्याबद्दल सरवरीचं मत ती लग्न होऊन धाड गावी आली त्याच आठवड्यात ठरलं होतं. चामडं कापायची रापी दगडावर घासताना त्याने तिची धार उलटी मारली होती, आणि वर लोखंडालाच नावं ठेवली होती. पुढे कितीतरी वर्षं गेली, पण ते मत बदलावं असं सईदने काही केलं नाही.

तिचा नवरा मन्नानखाँ घोड्यांची खोगिरं करायचा. त्याची नजर लवकर अधू झाली आणि शिवणकाम हळूहळू मागच्या खोलीत सरवरीकडे आलं. पुढे दुकानात बसून गिऱ्हाईक म्हणायचं, "वा, मन्नानखाँ, काय हात हाये तुमचा!" मन्नानखाँ मान हलवायचा. माणूस वाईट नव्हता, पण एवढ्या वर्षांत त्याने एकदाही मागच्या दाराकडे बोट केलं नाही. सरवरी आतून ऐकायची, नाक मुरडायची आणि पुढचा टाका घालायची.

तो वारला. सरवरी इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात बसली होती, तेवढ्या काळात सईदने दुकानाची किल्ली घेतली, पिशव्या शिवायचं मशीन आणून ठेवलं आणि पाटीवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं. ती बाहेर पडली तेव्हा तो मोठ्या मायेने म्हणाला, "भाभी, आता तुमाले तरास घ्यायची गरज नाही. मशीन हाये."

"मशीनले डोये नाहीत, अन् तुले बी नाहीत," ती म्हणाली.

मुलगी आसमा बुलडाण्याला नर्सिंग शिकत होती. सुट्टीत आली की आईला म्हणायची, "अम्मी, चाचाले इतकं टोचून काऊन बोलते?"

"खोटी तारीफ मले येत नाही."

सरवरी घरीच बैलांचे पट्टे, शाळेच्या पोरांची दप्तरं, तुटके वहाणबंद असलं काम करत राहिली.

त्या वर्षी जवळच्या गावच्या पंजाबरावांच्या गोपालचं लग्न निघालं. पंजाबरावांकडे पांढरी घोडी होती. शेजारच्या गावातल्या एकाने घेतली म्हणून यांनी घेतली होती. स्वतः ते तिच्यावर कधी बसले नव्हते, पण लगाम हातात धरून काढलेला त्यांचा फोटो चौकातल्या बॅनरवर होता. नवरदेवासाठी त्यांनी सईदला नवं खोगीर सांगितलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी सईद ते घेऊन सरवरीकडे आला. कडेची जरीची किनार त्याला वळणावर बसवता येत नव्हती. लाल मखमल, आरसे, गोंडे, सगळं होतं. सरवरीने वरून पाहिलंच नाही. तिने खोगीर पालथं घातलं आणि तंग हातात घेतला. घोडीच्या पोटाखालून आवळायचा हा पट्टा, सगळा भार यावरच असतो.

"हा मशीनवर काऊन मारला?"

"पोटाखाली कोण पाह्यते, भाभी?"

"घोडी पाह्यते." तिने बकलाजवळची दुमड बोटांनी उलटी वाकवली. चामड्यावर बारीक भेगा उठल्या. "उन्हात वाळवलं ना?"

"रंग लवकर सुकावा म्हणून..."

"सईदमियाँ, चामडं सावलीत सुकवा लागते, अन् सुकलं की तेल पाजा लागते. हे पापड झालं. बकलापाशी दुमडते तिथंच पह्यले तुटते. तंग काढ, नवा घाल, दोन सुयांनी शिव. जमत नसन तर ठेवून जा."

सईद हसला. "तुमी किनार लावून द्या फक्त."

"ह्या कचऱ्याले मी हात लावत नाही."

तो खोगीर उचलून गेला.

वरात देवळापाशी आली, डीजेने आवाज चढवला, कोणीतरी फटाक्यांची माळ पेटवली. घोडी दचकून एका अंगाला झाली आणि तंग बकलापाशी तुटला. दुमड फाटली, तशी पुढची शिवणही उसवत गेली. खोगीर घसरून पोटाखाली गेलं आणि त्याच्यासोबत गोपालही, फेट्यासकट, जनरेटरच्या गाड्याशेजारी. घोडी जागची हलली नाही, म्हणून पोराचा जीव वाचला. गळ्याखालचं हाड मोडलं. हात छातीशी बांधून घेऊन त्याने कशीबशी माळ घातली.

दुसऱ्या दिवशी पंजाबराव जीपमध्ये खोगीर टाकून सईदच्या दुकानावर आले. त्यांचा अवतार पाहून सईदने घाईघाईने सांगितलं, "शिवण भाभीची हाये, साहेब. मन्नानभाईच्या टायमापासून शिवण त्याच करतात."

एवढ्या वर्षांत तिचं नाव त्या दुकानात पहिल्यांदा घेतलं गेलं ते असं.

सईदला घेऊन जीप सरवरीच्या दारात आली. मागे निम्मी गल्ली. पंजाबराव रस्त्यातूनच ओरडले, "सरवरीबाई, बाहेर या! तुमच्या शिवणीनं माह्या पोराचं हाड मोडलं!"

सरवरी बाहेर आली. हातात बैलाचा अर्धा शिवलेला पट्टा आणि रापी होती. तिने आधी तुटका तंग पाहिला, मग सईदकडे. सईद जीपच्या आडोशाला सरकला.

"हे घ्या," तिने रापी पंजाबरावांपुढे धरली. "ह्या पट्ट्यावरचा माहा एक टाका कापा. मधातला, कोणताही."

पंजाबरावांनी रापी भाजी चिरायच्या सुरीसारखी धरली.

"अंगठा काढा तिथून. पोराचं हाड गेलं, तुमचं बोट जाईन."

गल्ली हसली. पंजाबरावांनी चिडून टाका कापला.

"आता ओढा."

त्यांनी ओढला, पाय रोवून ओढला. बाजूचा एकही टाका हलला नाही.

"आता ह्या तंगावरचा राह्यलेला एक कापा."

तो कापताच सरवरीने दोऱ्याचं टोक नखात धरलं आणि ओढलं. उरलेली रांग सरसर उसवली आणि पट्ट्याचे दोन पदर वेगळे होऊन लोंबू लागले.

"मशीनचा एक दोरा वरून जाते, एक खालून, अन् दोघं एकमेकाच्या गळ्यात अडकून राह्यतात. एक तुटला की दुसरा सोडते. माह्या शिवणीत एकाच भोकातून दोन सुया जातात, इकून एक, तिकून एक. एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवते. समजलं? नसन समजलं तर राहू द्या."

पंजाबराव सईदवर धावून गेले. दोन-चार जणांनी अडवलं. सरवरी शांतपणे म्हणाली, "त्याले काय मारता? घोडीवर पोरगं बसवण्याआधी तंग तुमी वाकवून पाह्यला होता?"

"ते नोकर पाह्यते."

"पोरगं तुमचं, घोडी तुमची, अन् पाह्याचं नोकरानं."

पंजाबरावांचा आवाज उतरला. "बरं, झालं ते झालं. आता तुमीच नवीन करून द्या."

"घोडी पाठवा."

"घोडी कायले? माप हाये ना सईदजवळ."

"सईदचं माप सईदले घाला. घोडी पाठवा, अन् तुमी येऊ नका."

ते पाय आपटत गेले. गल्लीला वाटलं, बाईने गिऱ्हाईक घालवलं. चार दिवसांनी घोडीची देखभाल करणारा मोतद्दार तिला घेऊन आला, एकटाच.

सरवरीने घोडीच्या पाठीवर हात फिरवला. मानेच्या मागच्या उंचवट्यावर केस उडाले होते आणि खाली कातडं गरम होतं. त्या मखमलीखालची लाकडी कमान वरातभर तिथे घासली होती. वरातीचे फोटो काढणाऱ्याला ते दिसलं नव्हतं.

"जखम भरेपर्यंत हिच्यावर काहीच ठेवू नको," ती मोतद्दाराला म्हणाली. "मालकानं हट्ट केला तर म्हण, स्वतःच्या पाठीवर ठेवा."

जखम भरल्यावर तिने खोगीर केलं. कमान रुंद घेतली, कण्यावर भार येणार नाही अशी मधे मोकळी वाट ठेवली, खाली लोकरीचा जाड नमदा दिला. आरसा एकही लावला नाही. पंजाबरावांनी कुरकुर केली, पण नेलं.

मशीनवरचं काम घेणं लोकांनी बंद केल्यावर सईदने किल्ली आणून दिली. तिने ती घेतली आणि त्याला बस म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात ती पुढे बसली, रस्त्याकडे तोंड करून. सईद पायरीशी घुटमळत म्हणाला, "भाभी, मले शिकवा."

तिने चामड्याचा एक तुकडा, भोकं पाडायची आरी आणि दोन सुया त्याच्यापुढे टाकल्या. "भोक तिरपं पाड. दोऱ्याले मेण लाव. दोन्हीकून सारखं ओढ."

संध्याकाळी तिने त्याचा तुकडा उजेडात धरला. टाके दारू प्यायल्यासारखे चालले होते. तिने ते कापून काढले आणि तुकडा परत दिला.

आसमा म्हणते, चाचाला माफ कर आता. सरवरी म्हणते, माफीचा इथे संबंधच नाही, शिवण पाहा. सईद अजून रोज पायरीवर येऊन बसतो. टाके अजून वाकडे पडतात, आणि तिने अजून एकही ठेवलेला नाही.