पूर्ण आवाजातली तालीम

गप्प कुठे बसावं ते मला कळत नाही, हा माझा जुना रोग.

आम्ही तिघं हॉटेलांत ब्लूज वाजवायचो. ताई गाणार, भाऊजी पियानोवर, मी बास गिटारवर. बँड भाऊजींचा, तालमीची खोली त्यांची, आणि त्यांच्या मते ताईसुद्धा त्यांचीच. मागे एकदा तिने वेगळं गायचं नुसतं नाव काढलं, तर पियानोचं झाकण तिच्या बोटांवर ‘चुकून’ पडलं. आता सोमवारी ती त्यांना न सांगता कायमची निघणार होती. दुसऱ्या शहरात तिचं स्वतःचं रेकॉर्डिंग ठरलं होतं. हे फक्त मला ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी चहा पिताना मला हुशारी सुचली. भाऊजी तिथेच पियानोच्या पट्ट्या पुसत होते.

“ताई, एक सिनेमा बघच. ब्लूजवाल्यांवरचा. आधी नाटक होतं ते. सगळा एका खोलीत घडतो, पण अंगावर येतो.”

“नाटकावरचे सिनेमे म्हणजे नुसती बडबड,” भाऊजी मान वर न करता म्हणाले.

“असू दे. तालमीचा प्रसंग तेवढा नीट बघ.”

त्या प्रसंगातल्या गायिकेला दुसऱ्या दिवशी चोरून दुसरीकडे गायचं असतं. म्हणून ती तालमीत गळा राखून गाते आणि तेवढ्यावरून नवरा तिचा बेत ओळखतो. पुढे तो तिचं काय करतो, ते आता माझ्याच्याने सांगवत नाही. ताईने सावध व्हावं, एवढाच माझा डाव. शहाण्याला शब्दाचा मार. पण खोलीत शहाणे दोन होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी सकाळी तालीम. ताईने डोळ्यांनी खूण केली, पाहिला म्हणून. आणि पहिल्याच गाण्याला गळा असा मोकळा सोडला की खिडकीच्या काचा थरथरल्या. मी मनात म्हटलं, शाब्बास! दुसऱ्या गाण्याला मात्र माझ्या लक्षात आलं आणि ठेका चुकला. बारा वर्षांत ताई तालमीत कधीच पूर्ण आवाजात गायली नव्हती. कार्यक्रमासाठी आवाज जपायची तिची सवय, त्यावरून आम्ही तिला ‘चिक्कू’ म्हणून चिडवायचो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

भाऊजी मध्येच थांबले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसत होते.

“मेहुणेबुवा, सिनेमा झकास सुचवलात. हिच्यानंतर मीही पाहिला. तालमीचा प्रसंग तर दोनदा.”

मग ताईकडे वळून त्यांनी अगदी हळू विचारलं, “कधी निघतेयस?”

ताईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी काही सांगितलं नाही, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मी गिटारच्या तारांकडे बघत राहिलो.

“तुम्ही या आता,” भाऊजी मला म्हणाले. “आज बास लागणार नाही.”

मी भित्रा आहे, ते कबूल करतो. गिटार पिशवीत घातली आणि बाहेर आलो. मागे कडी लागली. जिन्यात उभा राहून मी कान लावला. पियानो वाजत नव्हता, आणि ताईचा आवाजही येत नव्हता.