कुसुमचा जुना पत्ता

“सांगितलं तर अख्ख्या रायपुरात कोणी मानणार नाही,” अच्युतराव खुर्ची पुढे ओढत नातीला म्हणाले, “पण या एका ओळीवर अर्धी अमेरिका उभी आहे.”

ईरानं मान वर केली नाही. तात्यापारा भागातल्या मराठी मंडळाची वेबसाइट ती अपाची या जुन्या सर्व्हरवरून एन्जिनएक्स या नव्या सर्व्हरवर नेत होती. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर अच्युतरावांनीच ती उभारली होती. जुन्या सर्व्हरची रीत अशी, की फोल्डरा-फोल्डरात चिठ्ठी ठेवायची: अमक्या पत्त्यावर कोणी आलं तर त्याला तमक्या पानावर न्या. नवा सर्व्हर असल्या चिठ्ठ्या वाचतच नाही. त्याला सगळे नियम एका जागी, त्याच्या भाषेत लागतात.

“आबा, दोनशे अकरा नियम आहेत. मेलेल्या पानांचे काढून राहिली मी. हा ‘कुसुमवार्ता’वाला काहून पाहिजे?”

“मेलेलं म्हणू नको त्याले.”

मग अच्युतरावांची गाडी सुटली. कुसुमआजी दर शनिवारी मंडळाच्या बातम्या माइकवर वाचायची, ते रेकॉर्डिंग ‘कुसुमवार्ता’च्या पानावर चढायचं. एकदा मधेच कुकरची शिटी झाली, तर बिलासपूरच्या तीन बायांनी उठून आपापला गॅस बंद केला. बॉस्टनचा एक डॉक्टर तिचा आवाज ऐकल्याशिवाय ऑपरेशनला हात लावत नाही. महिन्याचे चाळीस हजार लोक, जास्तच.

“आणि पान नव्या पत्त्यावर हलवलं तेव्हा?” ईरानं विचारलं.

“तुझी आजी अडून बसली. म्हणे, टॉकीज पडून वीस वर्षं झाली, तरी लोक ‘टॉकीजसमोर’ म्हणतात अन् माणूस पोचते. मग माझा पत्ता काहून बदलता? शेवटी दोन दिवस खपून हा नियम लिहिला मी.”

कुसुमला जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्या अक्षरातला तो पत्ता मॉनिटरच्या कडेला अजून चिकटलेला होता, कागद पिवळा पडलेला.

“थांबा, चाळीस हजार मोजूनच पाहते,” म्हणत ईरानं सर्व्हरची नोंद उघडली. कोण कधी आलं, कुठून आलं, सगळं त्यात असतं. अच्युतराव चष्मा पुसायला लागले. पुसलेलाच पुन्हा पुसला.

ती बराच वेळ वाचत राहिली. मग नव्या भाषेत ती एक ओळ लिहिली, आणि पिवळ्या कागदावरून एकेक अक्षर बघत ब्राउझरमध्ये जुना पत्ता टाकला.

“नमस्कार मंडळी,” स्पीकरमधून कुसुम म्हणाली. मागे शिटी झाली. “थांबा हं, गॅस बंद करून येते.”

दोघंही तिची वाट बघत बसले.

“आबा,” ईरा हळूच म्हणाली, “झूठ. रोज एकच माणूस येते इथे. दुपारी चार वाजता. आपल्याच घरच्या वायफायवरून.”